घरी पाहावयाचे चित्रपट व मालिका : शिफारशीचा एक भाषिक निकष

१

‘घरी पाहण्यासारखे काही सुचवा’ ही विनंती आजच्या सुशिक्षित समाजात इतकी रूढ झाली आहे, की तिच्याकडे विचाराचा विषय म्हणून पाहण्याची कोणास आवश्यकता वाटत नाही. पूर्वी हीच विनंती पुस्तकांविषयी केली जात असे. विनंतीचा विषय बदलला, तरी तिला दिल्या जाणाऱ्या उत्तराचे स्वरूप फारसे बदललेले नाही. शिफारस हा समीक्षेचा सर्वांत लहान आणि सर्वांत अधिक प्रचारातला प्रकार होय. परीक्षण वाचणारे थोडे असतात. मित्राने सांगितले म्हणून चित्रपट लावणारे पुष्कळ असतात. म्हणून ज्याला समीक्षेच्या व्यवहाराचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने शिफारस कोणत्या आधारावर केली जाते हे तपासणे अगत्याचे आहे.

सामान्यतः शिफारशीचे तीन आधार दिसून येतात. पहिला कथानकाचा : ‘शेवटपर्यंत उत्सुकता टिकते.’ दुसरा कीर्तीचा : ‘याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे.’ तिसरा मनःस्थितीचा : ‘थकून आल्यावर पाहावे असे हलके आहे.’ हे तीनही आधार सर्वस्वी त्याज्य आहेत असे नाही. परंतु कथानकाचा आधार एकदाच पाहण्यापुरता उपयोगी पडतो. कीर्तीचा आधार दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असतो. आणि मनःस्थितीचा आधार कृतीविषयी काही सांगण्यापेक्षा पाहणाऱ्याविषयीच अधिक सांगतो. या तिहींत एक गोष्ट समान आहे. चित्रपटातील माणसे बोलतात कशी, याची दखल तिहींपैकी एकही घेत नाही.

घरी पाहावयाच्या कृतीची निवड करताना तिच्यातील बोलण्याची परीक्षा हा मुख्य निकष मानावा, असा प्रस्तुत विवेचनाचा आशय आहे. हा निकष भाषाशास्त्राच्या अभ्यासकाच्या सोयीसाठी काढलेला नसून घरी पाहण्याच्या परिस्थितीतूनच तो निघतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल. उदाहरणे मराठीतील घेतली आहेत. बोलीबोलींमधील भेद ऐकू येण्यासाठी त्या भाषेत कान तयार झालेला असावा लागतो, हे त्याचे कारण.

२

चित्रपटगृह आणि घर यांतील भेद प्रायः पडद्याच्या आकारमानाने मोजला जातो. तो भेद खरा आहे आणि त्याचे परिणामही खरे आहेत. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ २०१५ साली प्रदर्शित झाला. पुण्याहून कोकणात आलेल्या मुलाचे एकटेपण त्यात पाऊस, समुद्र आणि ओले आकाश यांच्या द्वारा व्यक्त होते. हाताएवढ्या पडद्यावर त्या आकाशाचे बळ उणावते. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटातील ठाकरांच्या डोंगराचीही तीच गत होते. असे चित्रपट घरी पाहू नयेत असे नव्हे; परंतु घरी पाहून त्यांच्याविषयी मत बनविताना आपण काय गमावले याची जाणीव ठेवावी लागते.

बोलणे मात्र पडदा लहान झाल्याने लहान होत नाही. उलट घरी त्याचा लाभच होतो. चित्रपटगृहात एखादे वाक्य हशात किंवा शेजाऱ्याच्या कुजबुजीत बुडाले तर ते गेले. घरी ते थांबविता येते, मागे नेता येते, दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा ऐकता येते. कानाला यंत्र लावून ऐकणाऱ्यास श्वास, अडखळणे, शब्दाच्या शेवटी गिळलेला स्वर हे सर्व मिळते. क्षेत्रीय अभ्यासास निघालेल्या संशोधकाला ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने जी सोय लाभते, ती आता सामान्य प्रेक्षकाला आपल्या खोलीत लाभली आहे. ज्या कृतीतील बोलणे अशा पुनःश्रवणाला उतरते, ती घरी पाहण्यास विशेष योग्य, असे यावरून म्हणता येईल.

परंतु घराने दिलेल्या या सोयीबरोबर काही संकटेही आली आहेत. पहिले संकट उपशीर्षकांचे, म्हणजे व्यवहारात ज्यांना सबटायटल म्हणतात त्यांचे. परभाषेतील कृती आपल्यापर्यंत पोचविण्याचे त्यांचे कार्य मोठे आहे आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी तर ती अनिवार्यच होत. परंतु स्वभाषेतील चित्रपट पाहतानाही डोळे सवयीने खालच्या ओळीकडे जातात. आणि ओळ वाचली की कान विश्रांती घेतो. दुसरे संकट डबिंगचे : त्यात ओठ एका भाषेचे आणि शब्द दुसऱ्या भाषेचे, अशी फारकत होते. तिसरे संकट आधुनिक सवयीचे : स्वयंपाक करता करता किंवा दुसऱ्या यंत्रावर काही वाचीत असता चित्रपट पार्श्वभूमीला लावून ठेवणे आणि वेळ वाचविण्यासाठी तो दीडपट गतीने चालविणे. गती वाढली की कथानक कळते, पण विराम नाहीसे होतात; आणि बोलण्यातील अर्धा अर्थ विरामात असतो. तेव्हा शिफारस करणाऱ्याने काय पाहावे एवढेच सांगून भागत नाही. काय ऐकावे हेही सांगितले पाहिजे.

३

मराठी चित्रपटात बोलीला प्रवेश फार पूर्वी मिळाला. प्रतिष्ठा मिळण्यास मात्र विलंब लागला. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा पहिला चित्रपट. त्याची कथा कोकणातली असली तरी त्यातील बोलण्याचे वळण ग्रंथाला जवळचे आहे. साने गुरुजींचे पुस्तक ज्या भाषेत घराघरांत वाचले गेले, तीच भाषा प्रेक्षकांनी ऐकली. दुसरीकडे तमाशाप्रधान आणि विनोदी चित्रपटांत ग्रामीण बोली विपुल आहे. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटातील बोलीला तिचा स्वतःचा जिवंतपणा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु या परंपरेत बोली ऐकताच हसावयाचे, असा एक अलिखित संकेत प्रेक्षकांच्या मनात स्थिरावला. गंभीर बोलणे प्रमाणभाषेत आणि गमतीचे बोलणे बोलीत, ही ती विभागणी होय.

ही विभागणी ज्या चित्रपटाने ठामपणे मोडली, तो जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ हा होय. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. साखर कारखान्याच्या बळावर गावावर सत्ता चालविणारे हिंदूराव धोंडे-पाटील (निळू फुले) आणि कोठून तरी गावात येऊन पडलेला, दारूच्या आहारी गेलेला मास्तर (श्रीराम लागू) यांच्यातील हा सामना आहे. येथे भाषेची नेहमीची मांडणी उलटी झालेली आहे. प्रमाण मराठी बोलणारा मनुष्य फाटका, निराश्रित आणि हास्यास्पद आहे. ग्रामीण वळणाची मराठी बोलणारा मनुष्य सत्ताधीश आहे. प्रेक्षकाने ज्या बोलीला हसण्याची सवय लावून घेतली होती, तिच्यातून आता त्याला भय वाटू लागते. हे भय आरडाओरडीने उत्पन्न होत नाही. हिंदूराव मास्तराला घरी आणतात, त्याचा पाहुणचार करतात, आणि त्या पाहुणचाराच्या मऊ स्वरातच त्यांची पकड जाणवते. निळू फुले यांनी स्वर जेथे खाली आणला आहे, ती स्थळे घरी पुनःपुन्हा ऐकण्यासारखी आहेत.

या चित्रपटाचा कणा म्हणजे मास्तराने घेतलेला एक प्रश्न : मारुती कांबळेचे काय झाले? या प्रश्नाच्या व्याकरणाकडे लक्ष द्यावे. ‘मारुती कांबळेला कोणी मारले’ असा तो प्रश्न नाही. षष्ठीचे नाम आणि ‘होणे’ हे क्रियापद यांच्या योगाने बनलेल्या या रचनेत कर्त्याला जागाच नाही. आजाऱ्याची चौकशी करताना किंवा हरवलेल्या वस्तूविषयी विचारताना मराठी माणूस जी रचना सहज वापरतो, तीच ही. म्हणूनच तिला आक्षेप घेता येत नाही. कारण तिच्यात आरोप नाही. परंतु वाक्यातील कर्त्याची रिकामी जागा ऐकणाऱ्याला अस्वस्थ करते. ती भरण्याचे काम प्रश्नकर्ता करीत नाही. ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते करावे लागते. अखेर हिंदूराव स्वतः ती जागा भरतात. एका साध्या मराठी वाक्यरचनेतून संपूर्ण नाट्य उभे राहिल्याचे याहून चांगले उदाहरण मराठी चित्रपटात दाखविणे कठीण आहे. कथानक ठाऊक झाल्यावरही ‘सामना’ पुन्हा पाहता येतो, तो यामुळे.

४

‘सामना’मधील दोन्ही पक्ष मराठीच बोलतात. ज्याच्या घरची भाषा मराठी नाही, अशा महाराष्ट्रीय माणसाचा प्रश्न नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटात येतो. त्याचे शीर्षकच मराठी नाही. कैकाडी भाषेत डुकराला जो शब्द आहे तो हा. कैकाडी ही द्राविड कुलातील भाषा असून या शब्दाचे आप्त शोधण्यास दूर जावे लागत नाही : तमिळमध्ये ‘पन्रि’, तेलुगूत ‘पंदि’, कन्नडात ‘हंदि’. कन्नडमध्ये शब्दारंभीच्या जुन्या प-काराचा ह-कार झाला, हे द्राविड भाषांच्या अभ्यासकांस परिचित आहे. म्हणजे गावाने ज्या कुटुंबाला वेशीबाहेर ठेवले, त्याच्या घरातील एक शब्द दक्षिणेतील मोठ्या साहित्यिक भाषांशी रक्ताचे नाते सांगणारा आहे. चित्रपट हे सांगत नाही. सांगण्याचे त्याला कारणही नाही. परंतु ज्याला हे ठाऊक आहे, त्याला शीर्षक ऐकताच अन्यायाची एक अधिक बाजू दिसते.

चित्रपटात या शब्दाचा जो प्रवास होतो तो लक्षपूर्वक ऐकावा. घरात तो केवळ एका प्राण्याचे नाव आहे. गावाच्या तोंडी गेल्यावर तो हेटाळणीचा शब्द होतो. शब्द तोच, उच्चारही जवळजवळ तोच; बोलणारा बदलला आणि अर्थ उलटला. किशोरवयीन जब्या शाळेत प्रमाण मराठी शिकतो, वर्गात चोखामेळ्याचा अभंग शिकविला जातो, आणि त्याच शाळेतील ज्या मुलीवर त्याचे मन जडले आहे, तिच्या देखत त्याला वडिलांबरोबर डुकरे पकडावी लागतात. शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर येतात तेव्हा डुकरामागे धावणारे हे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. त्या क्षणी पडद्यावर कोणी बोलत नाही. बोलते ती शाळेची भाषा, आणि ऐकत उभे असतात ते तिच्या बाहेर ठेवलेले लोक. शेवटी जब्याजवळ शब्द उरत नाहीत. त्याच्या हातून सुटलेला दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. येथे दगड हे शब्दाचे उत्तर आहे. उपशीर्षकात ‘फँड्री’चा अनुवाद एका इंग्रजी शब्दाने भागविला, तर हा सर्व प्रवास त्याबरोबर नाहीसा होतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा भाषिक दृष्टीने याहूनही गुंतागुंतीचा आहे. व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. परंतु वर म्हटल्याप्रमाणे पुरस्कार हे पाहण्याचे पुरेसे कारण नव्हे. लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्या गाण्यामुळे एका गटार-कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्यांच्यावर मुंबईच्या न्यायालयात खटला चालविला जातो. चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चार भाषा आहेत. आणि कोण कोणती भाषा केव्हा बोलतो हाच त्याचा खरा विषय आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बचावाचे वकील घरी आईवडिलांशी गुजराती बोलतात. सरकारी वकील बाई न्यायालयात जुन्या कायद्यांतील लांबलचक इंग्रजी उतारे एकसुरी वाचतात. घरी त्या स्वयंपाक करतात, मुलाला शाळेतून आणतात आणि कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. त्या नाटकात परप्रांतीयांविरुद्ध केलेल्या विनोदाला जो हशा मिळतो तो ऐकावा. भाषेचा अभिमान आणि भाषेचे हत्यार यांतील अंतर किती थोडे आहे हे त्यावरून कळते.

या चित्रपटातील सर्वांत महत्त्वाची भाषिक क्रिया म्हणजे न्यायाधीशांनी नोंद सांगणे. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो आणि न्यायाधीश त्याचा गोषवारा इंग्रजीत टंकलेखकाला सांगतात. मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष या दृष्टीने अवश्य पाहावी. गटारात उतरण्यापूर्वी तिचा नवरा त्यात खडा टाकून झुरळ बाहेर येते काय ते पाहत असे, कारण झुरळ जिवंत असेल तर आत श्वास घेता येईल असा त्याचा हिशेब होता. ती हे सांगते त्या स्वरात तक्रार नाही, गहिवर नाही; स्वयंपाकघरातील रोजची रीत सांगावी तसे ती सांगते. हा स्वर कोणत्याही नोंदीत उतरत नाही. न्यायालयाच्या कागदावर वस्तुस्थिती जाते आणि बाई बाहेर राहते. घरी हा प्रसंग दोनदा पाहावा : एकदा उपशीर्षकांसह, एकदा ती बंद करून. पहिल्या वेळी प्रेक्षक टंकलेखकाच्या जागी असतो. दुसऱ्या वेळी त्याला साक्षीदाराच्या समोर उभे राहावे लागते. चारही भाषांचे एकाच इंग्रजी ओळीत रूपांतर करणारे उपशीर्षक हे नकळत न्यायाधीशांचेच काम करीत असते, हेही तेव्हा ध्यानात येते.

५

आता दूरचित्रवाणीकडे वळावयास हरकत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. प्रारंभीच्या काळातील ‘चिमणराव’ ही मालिका चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ अद्याप अनेकांच्या स्मरणात आहेत. तिच्यातील मध्यमवर्गीय पुणेरी बोलणे हे एका विशिष्ट थराचे बोलणे होते आणि ते तसेच राहिले. सर्व महाराष्ट्राची भाषा असल्याचा आव त्याने आणला नाही. पुढे खासगी वाहिन्यांचा काळ आला. १९९९ साली सुरू झालेल्या ‘आभाळमाया’पासून दैनंदिन मराठी मालिकेचे युग चालू झाले असे मानले, तर त्या युगाची सर्वसाधारण भाषा ही दिवाणखान्याची भाषा होय. पात्रे कोणत्याही जिल्ह्यातील असोत, ती एकाच शाळेत शिकल्यासारखी बोलत.

या पार्श्वभूमीवर २०१६ साली दोन मालिका आल्या, त्या बोलींच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही कोल्हापूरकडील बोली घेऊन आली. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालवणी घेऊन आली. दोहोंना मोठा प्रेक्षक लाभला. त्यांचे मूल्य मात्र सारखे नाही.

पहिल्या मालिकेतील राणादाचे ‘चालतंय की’ हे वाक्य महाराष्ट्रभर गेले. हे वाक्य खोटे नाही. दक्षिण महाराष्ट्रात ‘की’ हा निपात होकाराला आर्जव आणि जोर देण्यासाठी असा नित्य वापरला जातो. परंतु एकच वाक्य प्रत्येक प्रसंगी आले की ते बोलण्याचा भाग राहत नाही. ते नाममुद्रेसारखे होते. बोलीतील एक तुकडा कापून पात्राच्या छातीवर लावला, आणि पात्र त्या तुकड्यावरून ओळखू येऊ लागले, म्हणजे बोली अवतरली असे होत नाही. जुन्या विनोदी चित्रपटातील संकेताचेच हे सौम्य रूप होय. येथे बोलीला हसावयाचे नसून तिच्यावर भाळावयाचे आहे. ऐकावयाचे मात्र दोन्हीकडे नाही.

‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतही अशी पालुपदे आहेत. पांडूचे ‘इसरलंय’ हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. ‘विसरणे’ या धातूतील आरंभीचा व-कार इ-कारापूर्वी गळणे ही केवळ मालवणीची विशेषता नाही. अन्य अनेक बोलींत ती आढळते. त्यामुळे हा शब्द सर्वांना कळला आणि सर्वांनी उचलला. परंतु या मालिकेचे बळ पालुपदात नाही. नाईकांच्या वाड्यात मालवणी ही घराची भाषा आहे : भांडणाची, शोकाची, संशयाची, देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याची. मुंबईहून आलेल्यांची प्रमाण मराठी तिच्याशेजारी उभी राहते तेव्हा कोणती भाषा ‘शुद्ध’ असा प्रश्न निर्माण होत नाही. कोणत्या भाषेत या घरातील गुपित बोलले जाते, असा प्रश्न निर्माण होतो. मालवणीचे नाते कोकणीशी अधिक की मराठीशी, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. तो वाद मालिका सोडवीत नाही. परंतु मालवणी न येणाऱ्या लाखो प्रेक्षकांना रोज रात्री ती ऐकण्यास तिने भाग पाडले, आणि ते कोणत्याही उपशीर्षकाशिवाय. न कळलेला शब्द संदर्भावरून लावीत जाणे हा भाषा ऐकण्याचा पहिला धडा आहे, आणि तो एका भयकथेने दिला. दैनंदिन मालिकेचा सर्व विस्तार पाहण्याची शिफारस करणे हे वेळेच्या अपव्ययाला प्रोत्साहन देणे होईल. पहिल्या पर्वाचे आरंभीचे भाग पाहिले तरी हेतू साधतो.

६

या निकषावर एक आक्षेप संभवतो. चित्रपट ही दृश्यकला आहे. तिची परीक्षा बोलण्यावरून करणे म्हणजे चित्राची परीक्षा त्याखालील मजकुरावरून करण्यासारखे नव्हे काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर असे, की बोलणे ऐकण्याची सवय लागलेल्या प्रेक्षकालाच मौन ऐकू येते. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटात आर्चीचे बोलणे हा पूर्वार्धाचा प्राण आहे. मराठीत सांगितलेले समजत नसेल तर इंग्रजीत सांगू काय, अशा आशयाचा तिचा दरडावणीचा प्रश्न सर्वतोमुखी झाला. सोलापूर जिल्ह्यातील बोलीत अधिकाराने बोलणारी ही पाटलाची मुलगी उत्तरार्धात हैदराबादेस येते. तेथे सभोवार तेलुगू आहे, आणि तिच्या बोलीला वारशाने मिळालेला अधिकार तेथे कोणी ओळखीत नाही. चित्रपटाच्या शेवटच्या क्षणी ध्वनीच काढून घेतलेला आहे. ज्याने पूर्वार्धातील तिचे बोलणे कानात साठविले नाही, त्याला हे मौन केवळ धक्कातंत्र वाटेल. ज्याने साठविले, त्याला एक आवाज कायमचा बंद झाल्याचे कळेल.

याच संदर्भात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसाइपल’ या २०२० सालच्या चित्रपटाचा उल्लेख करणे योग्य होईल. २०२१ साली तो नेटफ्लिक्सवर आला. हिंदुस्थानी संगीताचा एक निष्ठावान परंतु मध्यम प्रतीचा विद्यार्थी हा त्याचा नायक. त्याच्या परंपरेतील माई हयात नाहीत. चित्रपटात त्या दिसत नाहीत, ऐकू येतात. त्यांच्या व्याख्यानांची जुनी ध्वनिमुद्रणे कानाला लावून तो रात्रीच्या मुंबईतून दुचाकीवरून संथपणे जात असतो. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. हा स्वर ठाम, कोरडा आणि तडजोड न मानणारा आहे. त्याची वाक्ये संपतात तेथे खरोखर संपतात. नायकाचे स्वतःचे बोलणे त्याच्या शेजारी ठेवून ऐकावे. ते अपुरे, अडखळणारे, दुसऱ्याच्या वाक्यांवर उभे असलेले आहे. आपण ज्या वाणीवर श्रद्धा ठेवली ती आपल्या कंठातून निघणार नाही, ही त्याची शोकांतिका संवादांच्या आशयापेक्षा आवाजांच्या या भेदातून अधिक कळते. ऐकणे हाच ज्याचा विषय आहे, असा हा चित्रपट घराच्या शांततेत एकट्याने पाहावा.

७

वरील विवेचनावरून एक क्रम सुचविता येईल. आरंभ ‘सामना’पासून करावा, त्यातील भाषा सर्वांना कळते आणि तिचे राजकारणही उघड आहे. त्यानंतर ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ हे लागोपाठ पाहावेत; एकाच दिग्दर्शकाने अधिकारहीन आणि अधिकारयुक्त बोलणे कसे हाताळले हे त्यामुळे कळेल. मधल्या काळात ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे काही भाग ऐकावेत. नंतर ‘कोर्ट’, आणि शेवटी ‘द डिसाइपल’. कोणती कृती कोणत्या मंचावर मिळेल हे करारांनुसार बदलत असते, म्हणून त्याचा निर्देश येथे केलेला नाही. मात्र तीन पथ्ये सर्वत्र पाळावीत : गती मूळचीच ठेवावी, भाषा येत असल्यास उपशीर्षके निदान एकदा बंद करावीत, आणि एखादे वाक्य खटकले तर मागे जाऊन ते पुन्हा ऐकावे.

कोणी म्हणेल, की मनोरंजनासाठी घरी काही लावावयाचे, त्याला इतकी पथ्ये कशाला? याचे उत्तर विद्यापीठातील वर्गात मिळते. परजिल्ह्यातून आलेला पदव्युत्तर विद्यार्थी चर्चेच्या वेळी मनातले वाक्य आधी प्रमाणभाषेत बसवितो आणि मग बोलतो. पुष्कळदा ते बसेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. तो मंद आहे असा समज होतो. त्याची बोली वर्गातील इतरांनी यापूर्वी ऐकलेली असते ती चित्रपटांत आणि मालिकांत : विनोदासाठी, दहशतीसाठी किंवा लाडिकपणासाठी. तिच्यात कोणी विचार करीत आहे, असे त्यांनी क्वचितच ऐकलेले असते. घरच्या पडद्याने कानांना जे वळण लावले, तेच कान घेऊन माणसे वर्गात, कचेरीत आणि न्यायालयात बसतात. म्हणून ‘हे पाहा’ असे सांगणे ही वाटते तितकी निरुपद्रवी गोष्ट नाही. कोणाचे बोलणे ऐकण्याच्या योग्यतेचे आहे, याविषयीचा तो एक निर्णय असतो. आणि तो निर्णय देणाऱ्याने आधी स्वतः नीट ऐकलेले असावे, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हे.